कोलशेतच्या बाल्कनीत पेपरमिंट

पेपरमिंट लावायचं म्हणून बियांचं पाकीट विकत आणलं, तर पैसे वाया गेलेच म्हणून समजा. पाकिटावर चित्र पेपरमिंटचं असतं. उगवतं ते साध्या पुदिन्याचं किंवा कसल्यातरी सरमिसळीचं रोप. विकणाऱ्याची दर वेळी लबाडीच असते असं नाही, पण खऱ्या पेपरमिंटला रुजणारं बी जवळजवळ धरतच नाही. हे झाड दोन पुदिन्यांच्या संकरातून झालेलं आहे. एक आपला चटणीतला पुदिना, म्हणजे स्पिअरमिंट, आणि दुसरा युरोपात ओढ्या-डबक्यांच्या काठाने वाढणारा पाणपुदिना. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर परगण्यात हा संकर सापडला आणि जॉन रे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १६९६ मध्ये त्याची नोंद केली. खेचराला पिल्लं होत नाहीत, तशी या झाडाला पुढची पिढी होत नाही. त्यामुळे गेल्या सव्वातीनशे वर्षांत पेपरमिंट जिथे कुठे पोचलं, ते कुणीतरी त्याच्या फांदीचा नाहीतर धुमाऱ्याचा तुकडा तोडून नेला म्हणून पोचलं.

एवढं लक्षात ठेवलं की निगेचे नियम पाठ करावे लागत नाहीत. बी नाही, म्हणून हे झाड आडवं पसरून जगतं. त्याला खोल नाही, रुंद जागा हवी. पाणपुदिन्याचा वारसा आहे, म्हणून त्याला ओल लागते. मुळात थंड मुलखातलं आहे, म्हणून ठाण्यातल्या कोलशेतच्या हवेत त्याला वर्षातले काही महिने सांभाळून न्यावं लागतं. आणि तुकड्यांतूनच वाढत आल्यामुळे त्याला कात्रीची भीती नाही. उलट कात्री लागली नाही तरच ते खराब होतं.

हाती आलेलं रोप कोणतं?

घोडबंदर रस्त्याच्या कडेच्या रोपवाटिकांत ‘मिंट’ म्हणून जे मिळतं, त्यात तीन वेगवेगळी झाडं असू शकतात. तिन्ही तुळशीच्या कुळातली. खोड चौकोनी, पानं समोरासमोर. फरक बारकाईने बघितला तरच कळतो.

जांभळी नाक्याच्या भाजीबाजारातून येणारी पुदिन्याची जुडी बहुतेक वेळा स्पिअरमिंटची असते. तिचं पान खोडाला जवळजवळ थेट चिकटलेलं, देठ नावापुरता, रंग उजळ हिरवा आणि अंगावर सुरकुत्या. वास गोडसर. तो कार्व्होन या घटकाचा. मेंथॉल त्यात नसल्यातच जमा. पेपरमिंटच्या पानाला स्पष्ट दिसणारा छोटा देठ असतो, पान जास्त गडद आणि गुळगुळीत, आणि चांगलं ऊन मिळालं की खोड व शिरा जांभळट होतात. तिसरा जपानी पुदिना. त्यालाही देठ असतो आणि मेंथॉल तर पेपरमिंटपेक्षाही जास्त. पण त्याचं पान लवदार असतं आणि फुलं पानांच्या बगलेत येतात. पेपरमिंटची फुलं फांदीच्या टोकाला तुऱ्यासारखी येतात.

सर्वांत सोपी परीक्षा जिभेची. एक पान चावायचं आणि तोंडाने श्वास आत ओढायचा. घशापर्यंत गार वाटलं तर पानात मेंथॉल आहे. नुसता हिरवा, गोड वास आला तर तो चटणीचा पुदिना. हा गारवा खरं तर फसवा असतो, तोंडाचं तापमान अजिबात उतरत नाही. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंवर एक ग्राही प्रथिन असतं, त्यालाच मेंथॉल चेतवतं आणि मेंदूला ‘गार’ असा निरोप जातो. हे प्रथिन २००२ मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांनी आपापल्या प्रयोगशाळांत, मेंथॉलच्याच मदतीने शोधलं. तापमान आणि स्पर्शाच्या संवेदनांवरच्या संशोधनासाठी दोघांना २०२१ चं नोबेल मिळालं.

कोलशेतला काय मिळेल, काय नाही

पेपरमिंट उंच अक्षांशांवरचं झाड आहे. त्याला भरपूर फुलायला आणि पानांत उत्तम तेल साठवायला उन्हाळ्यात चौदा-पंधरा तासांहून मोठा दिवस लागतो. अमेरिकेतलं पेपरमिंट तेल म्हणूनच मुख्यतः ओरेगॉन, वॉशिंग्टन, आयडाहो या वायव्येकडच्या राज्यांत निघतं. कोलशेत १९ अंश उत्तरेला आहे. इथला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, तोही जूनच्या अखेरीस, म्हणजे आभाळ भरलेलं असताना. डिसेंबरात दिवस अकरा तासांवर येतो. लहान दिवसांत तेलातलं मेंथॉल कमी राहतं आणि मेंथोफ्युरानसारखे कडसर घटक वाढतात.

म्हणून इथल्या कुंडीकडून फुलांच्या तुऱ्यांची किंवा बाटलीभर तेलाची अपेक्षा ठेवू नये. भारतात मेंथॉल काढतात तेही पेपरमिंटपासून नाही. पानाच्या ठेल्यावर किंवा अमृतधारेच्या बाटलीत जे पिपरमिंट असतं, त्याचे पांढरे स्फटिक जपानी पुदिन्याच्या तेलातून येतात. त्याची शेती उत्तर प्रदेशात बाराबंकी, संभल, रामपूर या भागांत होते. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने ‘कोसी’सारख्या जाती काढून ती तिथे रुजवली.

चहाला, ताकाला, सरबताला लागतील एवढी ताजी, झणझणीत पानं मात्र कोलशेतची बाल्कनी वर्षातले सात-आठ महिने सहज देते. घरच्या कुंडीला तेवढं पुष्कळ झालं.

जागा

उल्हास खाडी आणि घोडबंदर रस्ता यांच्यामधला हा पट्टा. आधी आगरी-कोळ्यांचं गाव, मग क्लॅरियंट-बायरसारखे कारखाने आणि आता टॉवर. त्यामुळे इथला बागकामाचा पहिला प्रश्न असतो, तुमची बाल्कनी कुठल्या दिशेला आणि कितव्या मजल्यावर?

पूर्वेकडची बाल्कनी सर्वांत चांगली. सकाळचं चार-पाच तास कोवळं ऊन आणि दुपारी सावली, हे पेपरमिंटला मानवतं. पश्चिमेला एप्रिल-मेमध्ये दुपारचं ऊन फरशी तापवतं, भिंत तापवते आणि कुंडीची माती आतून गरम करते. तिथे ५० टक्के सावलीची हिरवी जाळी लावावी आणि कुंडी फरशीवर न ठेवता विटांवर किंवा स्टँडवर ठेवावी. उत्तरेकडच्या, समोर दुसरा टॉवर असलेल्या बाल्कनीत रोप मरत नाही, पण उजेडाच्या शोधात लांबतं. दोन पानांमधलं अंतर वाढतं, वास पातळ होतो.

मजला जितका वर, तितका खाडीकडून येणारा वारा जास्त. खालच्या मजल्यावर दोन दिवस टिकणारी ओल विसाव्या मजल्यावर एका दिवसात उडते. वर राहणाऱ्यांनी कुंड्या एकमेकींना चिकटवून कठड्याच्या आत, खालच्या बाजूला ठेवाव्यात. कठड्याबाहेर लटकवलेली कुंडी वाऱ्याने सुकते आणि खालून चालणाऱ्यांच्या जिवाला धोका, ते वेगळंच.

कुंडी आणि माती

पेपरमिंट मातीच्या पृष्ठभागावरून आणि जरा खालून आडवे धुमारे सोडतं. धुमाऱ्याच्या प्रत्येक पेराला खाली मुळं आणि वर नवी फांदी फुटते. म्हणून एक फूट किंवा जास्त रुंद आणि सात-आठ इंच खोल पसरट कुंडी घ्यावी. जुना टब, फळांचं प्लॅस्टिकचं क्रेट, ग्रो बॅग, काहीही चालेल. तळाला पाच-सहा भोकं मात्र हवीत. दुसऱ्या झाडाच्या कुंडीत ते लावू नये. धुमारे महिन्या-दोन महिन्यांत सगळी माती व्यापतात आणि शेजारची कोथिंबीर किंवा मिरची उपाशी राहते. जमिनीत लावायचं तर बूड कापलेली बादली मातीत पुरून तिच्या आत लावावं.

आपल्याकडे मिळणारी लाल माती एकटी वापरली की दोन पावसांत किंवा दहा वेळा पाणी घातल्यावर विटेसारखी दबते. चाळलेली लाल माती दोन भाग, जुनं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग आणि भिजवून पिळलेलं कोकोपीट एक भाग असं मिश्रण करावं. एका कुंडीला मूठभर निंबोळी पेंड मिसळली की मातीतल्या किडींना थोडा आळा बसतो. मिश्रण मुठीत दाबलं तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचला की सुटावा. भोकांवर खापराचे तुकडे ठेवून कुंडी भरावी, वरून दोन बोटं जागा रिकामी सोडावी.

लावणी

लावणीचा उत्तम काळ ऑक्टोबर ते जानेवारी. पाऊस संपलेला असतो, ऊन बोचत नाही आणि मुळांना जम बसवायला चार-पाच महिने मिळतात. पद्धती दोन.

पहिली फांदीची. ज्याच्या घरी खात्रीचं पेपरमिंट आहे, त्याच्याकडून फूल न आलेले, बोटभर लांब, टणक शेंडे घ्यावेत. पेराच्या लगेच खाली तिरका काप द्यावा, कारण मुळं पेरापासूनच फुटतात. खालची पानं काढून वर दोन-तीन जोड्या ठेवाव्यात. शेंडे काचेच्या ग्लासात, फक्त खालचं पेर बुडेल एवढ्या पाण्यात, उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवावेत. पाणी एक दिवसाआड बदलावं, नाहीतर देठ बुळबुळीत होऊन कुजतो. सात ते दहा दिवसांत पांढरी मुळं दिसतात. ती इंचभर झाली की शेंडे मातीत लावावेत. पाण्यात फार दिवस ठेवलेली मुळं मातीत गेल्यावर रुसतात, म्हणून जास्त वाट पाहू नये.

दुसरी धुमाऱ्याची. ही जास्त खात्रीची. जुन्या कुंडीतला पांढरट, जाडसर धुमारा चार-पाच इंचांच्या तुकड्यांत कापायचा. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन पेरं हवीत. ते तुकडे नव्या कुंडीत दीड इंच खोल आडवे ठेवून वर माती टाकायची. दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतात. एक फुटाच्या कुंडीला तीन-चार तुकडे पुरेत.

लावल्यावर पहिला आठवडा कुंडी सावलीत. नवं पान फुटलं की उन्हात सरकवावी. पहिले दीड-दोन महिने एकही पान तोडू नये.

पाणी

ओलीची आवड आहे म्हणून चिखल चालेल, असा अर्थ नाही. मुळांना पाणी हवं आणि हवाही. बोटाचं पहिलं पेर मातीत घालून बघावं. ओलसर लागलं तर पाणी नको. कोरडं लागलं तर तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घालावं. रोज कपभर पाणी शिंपडण्याने वरची माती भिजते आणि खालची मुळं कोरडी राहतात. डिसेंबरात एक दिवसाआड पुरतं. मेमध्ये वरच्या मजल्यांवर सकाळ-संध्याकाळ दोनदा घालावं लागतं. पानं माना टाकतात तेव्हा घाबरू नये; पाणी मिळाल्यावर तासाभरात उभी राहिली तर तहान होती. माती ओली असूनही माना टाकलेल्या असतील तर मुळं कुजताहेत. तिथे आणखी पाणी घालणं म्हणजे झाड मारणं.

पाणी कुठलं, हेही पाहावं. सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी येत असेल आणि ते मचूळ लागत असेल, तर काही आठवड्यांत मातीवर पांढरा थर दिसतो आणि पानांच्या कडा करपतात. हा क्षारांचा थर. महिन्यातून एकदा कुंडी न्हाणीघरात नेऊन तिच्यातून चांगलं पाणी भरपूर वाहू द्यावं, म्हणजे क्षार धुऊन जातात. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी झाडांना घालण्याची अनेक घरांत पद्धत आहे. त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. फरशीला ते चालेल, पेपरमिंटला नको.

कुंडीखालच्या बशीत पाणी साठू देऊ नये. मुळं गुदमरतात हे एक कारण, आणि डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो हे दुसरं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून बशी आठवड्यातून एकदा तरी कोरडी पुसावी.

कात्री

पानाच्या, विशेषतः खालच्या बाजूला, डोळ्यांना न दिसणाऱ्या तेलाच्या गाठी असतात. पान चुरगळलं की त्या फुटतात आणि वास सुटतो. कोवळ्या, पूर्ण उमललेल्या पानांत या गाठी भरलेल्या असतात. पान जून होत गेलं की तेल ओसरतं. म्हणजे चांगला वास हवा असेल तर झाडावर कायम नवी पानं हवीत, आणि नवी पानं येतात ती कापल्यावर.

रोप सहा-सात इंच झालं की वरचा एक तृतीयांश भाग कापावा, तोही पानांच्या जोडीच्या अगदी वर. त्या जोडीच्या बगलेत दोन डोळे झोपलेले असतात. शेंडा गेला की ते जागे होतात आणि एका फांदीच्या दोन फांद्या होतात. पुढे दर तीन-चार आठवड्यांनी हेच. एकेक पान खुडत राहिलं तर खालून बोडकं, वर शेंडी असं झाड होतं. प्रत्येक कापणीनंतर मूठभर गांडूळखत मातीत हलकेच मिसळावं. चहाचा चोथा घालायचा असेल तर दूध-साखर धुऊन, वाळवून आणि अगदी थोडा; जाड थर दिला तर बुरशी धरते आणि चिलटं येतात.

इथलं वर्ष

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कोलशेतला पेपरमिंटचा सुगीचा काळ. गार रात्री, कोरडी हवा, स्वच्छ ऊन. कापणी याच महिन्यांत जास्तीत जास्त करावी आणि पानं वाळवून ठेवायची तीही आताच.

मार्चपासून सावली आणि पाण्याकडे लक्ष द्यावं. मातीवर वाळलेल्या पानांचं किंवा नारळाच्या शेंड्यांचं आच्छादन घातलं की ओल टिकते. मेमध्ये वाढ मंदावते. तेव्हा खत देऊन ढोसू नये.

खरी कसोटी पावसाची. मुंबई-ठाण्यात मोसमी पाऊस साधारण ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमाराला माघार घेतो. या चार महिन्यांत सूर्य क्वचित दिसतो आणि पानं सुकायची संधीच मिळत नाही. मेअखेरीस झाड तीन-चार बोटं ठेवून छाटून टाकावं, दाटी मोडावी आणि कुंडी छताखाली, पण वारा खेळेल अशा जागी घ्यावी. जुलै-ऑगस्टमध्ये ते उदास दिसेल. जमिनीखालचे धुमारे जिवंत असले की झालं. दसऱ्याच्या आसपास ते पुन्हा कोंब काढतात.

मग ऑक्टोबरात कुंडी रिकामी करायची. वर्षभरात धुमारे कुंडीच्या कडेने गोल फिरलेले असतात आणि मधला भाग लाकडी, निर्जीव झालेला असतो. तो मधला भाग टाकून द्यावा, कडेचे ताजे धुमारे घ्यावेत आणि नव्या मातीत लावावेत. दरवर्षी ही अदलाबदल केली नाही तर तिसऱ्या वर्षी झाड आपोआप विरळ होतं.

कीड आणि रोग

पानांवर बारीक फिकट ठिपके आणि मागे जाळी दिसली तर लाल कोळी. कोरड्या मार्च-मेमध्ये तो हमखास येतो. पानांच्या मागे नळाच्या धारेने पाणी मारावं. दोन-तीन दिवसांच्या अंतराने तीनदा केलं की बहुतेक वेळा औषधाची गरज पडत नाही. मावा आणि पांढऱ्या माशीवरही आधी हाच उपाय. पिठ्या ढेकूण आला तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि दोन-चार थेंब साबणद्राव मिसळून संध्याकाळी फवारावं, आणि त्यानंतर आठवडाभर पानं खाऊ नयेत.

पानांच्या मागे नारिंगी-तपकिरी पुटकुळ्या आल्या तर तो तांबेरा, पुदिन्याच्या वर्गातला नेहमीचा बुरशीजन्य रोग. तिथे फवारणीत वेळ घालवू नये. झाड जमिनीलगत कापावं, सगळा पाला कचऱ्यात टाकावा, खतात नाही. निरोगी धुमारे शिल्लक असतील तर तेवढेच धुऊन नव्या कुंडीत लावावेत.

पान वापरताना

पेपरमिंटची चटणी करून पाहायचा मोह होतो. ती जिभेला दातमंजनासारखी लागते. चटणी, पाणीपुरी, बिर्याणी ही कामं स्पिअरमिंटची. पेपरमिंट चहाला, ताकाला, लिंबाच्या सरबताला. ताजी सहा-सात पानं कपात घेऊन वर उकळतं पाणी ओतावं आणि पाच मिनिटं झाकावं. झाकण महत्त्वाचं, कारण तेल वाफेबरोबर उडून जातं. दुधाच्या चहातही पानं गॅस बंद केल्यावरच टाकावीत.

वाळवायचं असेल तर फांद्यांच्या सैल जुड्या बांधून पंख्याखाली, सावलीत टांगाव्यात. चुरचुरीत झाली की पानं अख्खीच हवाबंद बाटलीत भरावीत आणि वापरताना चुरावीत. पावसाळ्यात मात्र हा खटाटोप करू नये; पानं सुकण्याआधी बुरशी धरते.

ज्यांना आम्लपित्ताचा, घशाशी येण्याचा त्रास आहे त्यांनी पेपरमिंट जपून घ्यावं. जेवणानंतर पोट हलकं वाटतं ते आतड्यांचे स्नायू सैलावल्यामुळे; पण तसाच अन्ननलिकेच्या तळाशी असलेला झडपेसारखा स्नायूही सैलावतो आणि आम्ल वर येतं. मेंथॉलचं तेल किंवा स्फटिक तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ कधीच नेऊ नयेत. त्यांचा श्वास अडखळू शकतो.

ऑक्टोबरात कुंडी मोडली की हातात गरजेपेक्षा चौपट धुमारे येतात. ते फेकू नयेत. मजल्यावरच्या दोन-तीन घरांत द्यावेत, एखादा पूर्वेच्या, एखादा उत्तरेच्या बाल्कनीत. यात चांगुलपणाइतकाच हिशेबही आहे. पेपरमिंटचं बी साठवून ठेवता येत नाही, आणि ऑगस्टच्या पावसात कुणाची ना कुणाची कुंडी कुजतेच. त्या वर्षी ती तुमची असेल, तर पुढचं रोप शेजारच्या दारातून परत मिळतं.